वर्णपरीक्षा

पुण्यातील एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात जी दोन यंत्रे शेजारी शेजारी उभी आहेत, ती बाहेरून पाहणारास सख्ख्या भावंडांसारखी वाटतात; दोहोंस चाके, दोहोंस पडदा, आणि दोहोंतून निघालेल्या जाड नळीच्या टोकाशी हातात धरावयाचा तो दांडा, ज्यास तेथील सिस्टर 'हँडपीस' म्हणतात. बाहेर ताटकळणारी मंडळी तर दोहोंना सरसकट 'लेसर' असेच संबोधितात. वस्तुतः त्यांतील एकच लेसर आहे. त्यातून १०६४ नॅनोमीटर या एकाच तरंगलांबीचा प्रकाश बाहेर पडतो. दुसऱ्यात, म्हणजे 'आयपीएल'मध्ये, झेनॉन वायूचा दिवा क्षणार्धात लखलखून सुमारे ५०० पासून १२०० नॅनोमीटरपर्यंतचा संमिश्र प्रकाश फेकतो, आणि त्यातील नको तो आखूड तरंगांचा भाग काचेच्या फिल्टरने अडवून उरलेला त्वचेवर सोडावा लागतो.

बाईंच्या अनुमतीने, आणि येणाऱ्या प्रत्येकाची संमती घेऊन, मी त्यांच्या खोलीच्या कोपऱ्यात बसून हे काम पाहत होतो. यंत्रास हात लागण्यापूर्वी जे घडते तेच मुख्य काम होय, हे तेथे लवकरच ध्यानात येते. उन्हात किती वेळ जातो, जखम भरल्यावर तेथे काळा डाग राहतो काय, ओठांवर वारंवार नागीण उठते काय, कोणती औषधे चालू आहेत, अशी सविस्तर कैफियत नोंदवून झाल्यावाचून बाई चेहऱ्याकडे भिंग नेतच नाहीत.

या चौकशीचे कारण शास्त्रात आहे. १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकन वैद्यकांनी असे प्रतिपादन केले की, ज्या तरंगलांबीचा प्रकाश इष्ट लक्ष्य अधिक शोषून घेते ती निवडून, ते लक्ष्य निवण्यास लागणाऱ्या अवधीहून अल्प काळात ऊर्जा दिली, तर भोवतालची त्वचा सुरक्षित ठेवून तेवढेच लक्ष्य नष्ट करता येते. गोऱ्या कातडीत हा हिशेब सहज जुळतो. फिट्झपॅट्रिक यांच्या वर्णश्रेणीत आपल्यापैकी बहुसंख्य चौथ्या-पाचव्या पायरीवर येतात. आपल्या वरच्या थरातील मेलॅनिन खालच्या लक्ष्यास मिळावयाचा प्रकाश वाटेतच जकात घ्यावी तसा घेते, आणि स्वतःच पोळते. तरंग जितका आखूड तितकी ही जकात जबर. आयपीएलविषयी सावळ्या वर्णास जोखीम अधिक आणि १०६४ च्या लेसरविषयी तुलनेने कमी, ती याचमुळे.

प्रथम आल्या त्या निवृत्त शिक्षिका, नितळ गोऱ्या, गालांवर उन्हाचे सुटे तपकिरी ठिपके आणि नाकपुड्यांशी बारीक लाल शिरा. त्यांच्यासाठी बाईंनी तात्काळ आयपीएलची तजवीज केली, कारण एकाच लखलखाटात रंगद्रव्य व रक्त या दोहोंवर मारा होतो. डोळ्यांवर अपारदर्शक झाकण, गालावर थंड जेलचा जाड थर, कानापुढील लहानशा जागेवर आधी चाचणी, आणि मग रबरबँड सटकावा तशी चमक; ठिपके प्रथम गडद होऊन आठवडाभरात खपलीने गळतील, तेव्हा घाबरून फोन करू नये, अशी सूचनाही बाईंनी देऊन ठेवली.

मागून आलेला तरुण मुरुमांच्या खड्ड्यांनी त्रस्त होता. येथे लक्ष्य रंग नसून त्वचेतील पाणी. म्हणून शेजारच्या खोलीतील १०,६०० नॅनोमीटरचा फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर, जो सूक्ष्म छिद्रे पाडून मधली त्वचा अबाधित ठेवतो आणि तीच भोवतालची जखम भरून काढते. तथापि दाहानंतरच्या काळवंडण्याचे भय तेथेही असल्याने बाईंनी छिद्रांची दाटी मुद्दाम विरळ ठेवली.

तिसऱ्या बाईंच्या दोन्ही गालांवर वांग होते आणि घरात मुलीचे लग्न उभे होते. "मॅडम, माझ्या जावेनं ते लाइटचं केलं, चेहरा कसा उजळला! मलाही तेच करा." बाईंनी खोलीत अंधार करून वुड्स लॅम्पच्या निळसर प्रकाशात गाल न्याहाळले, काही रंग उठून दिसला, बराचसा दिसला नाही, म्हणजे तो खोल उतरलेला होता. वांगावर उष्णता पडली की रंगपेशी चिडतात आणि उतरलेला डाग दुपटीने परततो, हे त्यांनी शांतपणे समजावले, दोन्ही यंत्रे तूर्त तहकूब ठेवली, आणि लावावयाचे मलम व लोहाचे ऑक्साइड मिसळलेले, दृश्य प्रकाशही अडवणारे सनस्क्रीन लिहून दिले. खर्चाची तयारी करून आलेल्या त्या बाईंचा चेहरा उतरला.

"मग फोटोंचं काय, मॅडम?"

"फोटोंना मेकअपवाली आहे ना, ताई. चेहरा मात्र लग्नानंतरही तुम्हालाच वापरायचाय."