कानाची आवड आणि वर्णांचा दोष

काही वर्ण मुळातच सुंदर आणि काही मुळातच कुरूप असतात काय? इंग्रज लेखक टोल्किन यांना नव्या भाषा रचण्याचा छंद होता. १९३१ सालच्या एका व्याख्यानात त्यांनी तो बोलून दाखविला. फिनिश व वेल्श भाषांचे नाद त्यांच्या कानाला गोड लागत. त्याच वळणावर त्यांनी आपल्या कथांतील सुंदर, अमर लोकांच्या भाषा घडविल्या. दुष्टांच्या वाट्याला मात्र मुद्दाम खडबडीत भाषा दिली.

आपल्याकडे नवव्या शतकात आनंदवर्धनाने याहून सूक्ष्म विचार मांडला. श, ष, ढ यांची गर्दी शृंगाराला मारक खरी; परंतु तेच वर्ण बीभत्स रसाला खुलवितात. म्हणजे दोष वर्णाचा नव्हे, स्थानाचा.

स्थानाइतकीच सवयही महत्त्वाची. ‘ळ’ हा ट-ठ-ड यांचाच शेजारी, जीभ मागे वळवून उच्चारावयाचा. तरीही बाळ, सावळा, कोवळा हे आपले मायेचे शब्द त्याच्याच आधाराने उभे आहेत. उलट आपल्या यवतमाळकडे वऱ्हाडी बोलीत डोळ्याचा ‘डोया’ आणि काळ्याचा ‘काया’ होतो. ज्या लेकराने आईच्या तोंडून ‘डोया’ ऐकला, त्याला तोच उच्चार गोड.

कथाकाराने कल्पित राक्षसांना कर्कश भाषा खुशाल द्यावी. परंतु ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसणे म्हणजे आपल्या कानाची सवय त्याच्या माथी दोष म्हणून मारणे होय. त्याला प्रमाण लेखन अवश्य शिकवावे. लाज मात्र शिकवू नये.