शिकता शिकता शेतीत रोजगार : वाट जुनी, नियम नवे

पुणे - स्वारगेटच्या एसटी स्थानकावर सातारा, सांगली, कोल्हापूर, बारामतीकडून येणाऱ्या गाड्यांतून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी असंख्य तरुण शहरात उतरतात. त्यांपैकी अनेकांच्या घरी शेती असते. पण करिअर म्हणून शेतीचा विचार क्वचितच होतो. वास्तविक, स्थानकाजवळच्या गुलटेकडी मार्केट यार्डात येणाऱ्या मालामागे रोपवाटिका, हरितगृह, प्रतवारी, शीतगृह, बियाणे अशी व्यवसायांची मोठी साखळी उभी आहे. या कामांना पुस्तकी ज्ञानाइतकीच हाताच्या सवयीची गरज असते. ती सवय लावणारा मार्ग म्हणजे काम करीत शिक्षण घेणे.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण हे तिचे सूत्र ठरविले. 'कमवा आणि शिका' ही योजना पुढे राज्यभर रुजली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची अशी योजना कर्मवीरांच्याच नावाने ओळखली जाते. मात्र त्यात काम हे प्रामुख्याने शिक्षणाचा खर्च भागविण्याचे साधन असते. ग्रंथालयात काम करणारा विद्यार्थी कृषीचा पदवीधर झाला, तरी ते काम त्याच्या विषयाचे असतेच असे नाही.

काम हाच अभ्यासक्रम मानण्याचा प्रयोग शिरूर तालुक्यातील पाबळ येथे झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. शेती व पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य हे विषय प्रत्यक्ष कामातून शिकविण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. कृषी पदवीच्या अभ्यासक्रमातही अखेरच्या वर्षी 'ग्रामीण कृषी कार्यानुभव' असतो. त्यासाठी विद्यार्थ्यांना गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावे लागते.

तिसरा मार्ग कायद्याने आखलेला आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. प्रारंभी तो मुख्यत्वे कारखान्यांतील कामांसाठी होता. २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांनाही त्याचे दार उघडले. २०१६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आणली. २०१९ मध्ये नियम बदलून पदवीधरांसाठी दरमहा किमान ९ हजार रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. ३० किंवा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक, तर ४ ते २९ मनुष्यबळ असलेल्यांना ऐच्छिक झाले.

खरी अडचण याच आकड्यांत आहे. साखर कारखाना, दूध संघ किंवा बियाणे कंपनी या चौकटीत बसते. घरच्या माणसांच्या बळावर चालणारी दोन-तीन एकरांची शेती बसत नाही. परिणामी, शेतीपूरक उद्योगांत शिकाऊ उमेदवारीची सोय होऊ शकते, पण प्रत्यक्ष शेती शिकविणारा अनुभवी शेतकरी या व्यवस्थेत गुरू ठरत नाही. जर्मनीत शेतकरी हा तीन वर्षांच्या उमेदवारीतून शिकला जाणारा मान्यताप्राप्त व्यवसाय आहे. तेथे मान्यता मिळालेल्या शेतावर काम आणि व्यवसाय शाळेत शिक्षण, असे दोन्ही बरोबरीने चालते. आपल्याकडे असा दुवा जोडला गेला, तर प्रयोगशील शेतकऱ्यांचे ज्ञान पुढच्या पिढीच्या हाती जाऊ शकेल.

तोपर्यंत विद्यार्थी आणि पालकांनी काही बाबी पारखून घेणे हिताचे आहे. लेखी करार आणि त्याची नोंदणी झाली आहे काय, विद्यावेतन किती, कोणती कौशल्ये शिकविली जाणार आणि शेवटी कोणाचे प्रमाणपत्र मिळणार, हे प्रश्न आधीच विचारावेत. उमेदवारी संपल्यावर नोकरी मिळेलच, अशी हमी कायदा देत नाही. ज्या ठिकाणी या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळत नाहीत, तेथे शिक्षणाच्या नावाखाली स्वस्त मजुरी होण्याचा धोका अधिक.