बिल्ड स्क्रिप्टमधलं 'जर-तर' : अट कधी तपासली जाते?

आज बिल्ड स्क्रिप्टमधल्या अटींबद्दल बोलू, आणि त्यासाठी आधी तंजावरला जाऊ.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या गावांचं शेतीचं वर्ष एका अटीवर सुरू होतं. मेट्टूर धरणाची पूर्ण पातळी १२० फूट. जूनमध्ये ती साधारण ९० फुटांच्या वर असेल आणि पुढे पाणी येण्याची आशा असेल, तर १२ जूनला दारं उघडतात आणि कुरुवै हे कमी मुदतीचं भातपीक घेता येतं. नसेल, तर तारीख पुढे जाते. २०२२ साली दारं २४ मेलाच उघडली. २०२४ साली २८ जुलै उजाडला. तोवर कालव्यावरच्या कुरुवैची वेळ टळली होती.

ही अट हंगामाच्या आधी, एकदाच तपासली जाते. खाली कल्लणै बंधाऱ्यावर मात्र रोजचं पाणी बघून ठरतं. कावेरीत किती, वेण्णारमध्ये किती, आणि पूर आलाच तर कोल्लिडममध्ये किती सोडायचं.

बिल्ड स्क्रिप्टमध्ये हेच दोन प्रकार असतात. 'मेक' हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्समध्ये लिहिलं. त्याचा पायाच एक अट आहे : मूळ फाइल तयार फाइलपेक्षा नवी असेल, तरच पुन्हा बांधणी करा. आजच्या जीएनयू मेकमध्ये आपणही अटी लिहू शकतो. 'इफ-इक्यू'ची अट मेकफाइल वाचतानाच तपासली जाते. ती मेट्टूरची अट. कृतीच्या ओळींमधला शेलचा 'इफ' ती पायरी प्रत्यक्ष चालताना तपासला जातो. ती कल्लणैची अट.

फरक कळला नाही तर काय होतं बघा. पहिली पायरी एक सेटिंग फाइल तयार करते. ती फाइल असेल तर अमुक भाग जोडा, असं आपण 'इफ-इक्यू'ने लिहितो. पण मेकफाइल वाचली तेव्हा फाइल नव्हतीच! निर्णय 'नाही' असा होऊन बसला. पहिल्यांदा बिल्ड चुकतं, दुसऱ्यांदा तीच आज्ञा दिली की बरोबर येतं. 'पुन्हा चालवून बघा' म्हणत माणसं दिवस घालवतात. अशी अट शेलच्या 'इफ'मध्येच लिहावी. फक्त लक्षात ठेवा, मेक कृतीची प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालवतो. म्हणून संपूर्ण 'इफ' उलट्या तिरक्या रेघांनी एकाच ओळीत जोडावा लागतो.

दुसरी गोष्ट, 'नाहीतर' काय? गावात कुरुवै हुकलं तर पुढे सांबा पीक आहे; तो मार्ग ठरलेला आहे. स्क्रिप्टमध्ये आपण बहुधा लिहितो : प्रकार 'रिलीज' असेल तर हे, नाहीतर चाचणीचं बिल्ड. मग कोणी स्पेलिंग चुकवलं, किंवा शब्दामागे एक रिकामी जागा राहिली, की तुलना जुळत नाही. चाचणीचं बिल्ड गुपचूप ग्राहकाकडे जातं. मेकमध्ये व्हेरिएबल दिलंच नाही तरी तक्रार येत नाही. ते रिकामं धरलं जातं. उपाय सोपा आहे. रिकाम्या जागा 'स्ट्रिप'ने काढा, प्रत्येक मान्य किंमत नाव घेऊन तपासा, आणि शेवटच्या 'एल्स'मध्ये 'एरर' लिहून काम थांबवा.

तिसरी गोष्ट, अटी मोजून ठेवा. हो-नाहीच्या एकमेकींपासून स्वतंत्र पाच अटी म्हणजे ३२ प्रकारची बिल्डं. त्यांतली किती आपण खरंच चालवून पाहतो?

तेव्हा नवी अट लिहिण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारा. ही अट वाचताना तपासली जाणार की चालताना? आणि दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर स्क्रिप्ट थांबेल की गप्प पुढे जाईल? उत्तरं शेजारीच टिपणीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी ती स्क्रिप्ट उघडणाऱ्याचा दिवस वाचेल.