तोंडी सौदा आणि कोर्टाची पायरी



उसाच्या बिलाचे पैसे हाती आले की आपल्या घरोघर देण्याघेण्याचे व्यवहार सुरू होतात. कुणाला पाइप घ्यायचे असतात, कुणाला मोटार, कुणाला जनावरांची पेंड. माणूस शहरात जातो, शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याभोवतीची चार दुकाने फिरतो, ओळखीच्या दुकानी भाव ठरवतो, चहा घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने गावी परततो. कागद काही होत नाही. "आपलं शब्दावर चालतं," असे आपण अभिमानाने म्हणतो. बहुतेक वेळा ते चालतेही. प्रश्न येतो तो चालत नाही तेव्हा.

आपल्या एका सभासदाने शहागंजातल्या एका दुकानदाराला फोनवरून शंभर पोती सरकी पेंड सांगितली. भाव ठरला पोत्याला १,७०० रुपये. वीस हजार रुपये आगाऊ पाठवले. पंधरा दिवसांत पेंड १,८५० वर गेली आणि दुकानदार म्हणू लागला, "माल येईल तेव्हाचा भाव, असंच ठरलं होतं." सभासद हवालदिल होऊन कार्यालयात आले. त्यांनी विचारलेले प्रश्न सर्वांच्याच उपयोगाचे आहेत, म्हणून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

तोंडी करार कायदा मानतो का?

मानतो. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. दोन्ही पक्ष सज्ञान व शुद्धीवर असावेत, संमती राजीखुशीची असावी, मोबदला व हेतू कायदेशीर असावा, एवढे जमले की करार झाला. तो कागदावरच हवा असे सर्वच व्यवहारांना बंधन नाही. जमिनीच्या खरेदीला मात्र नोंदवलेले खरेदीखतच लागते. तेथे शब्दावर जाऊ नये.

पण करार होणे वेगळे आणि तो कोर्टात शाबीत करणे वेगळे. तोंडी करारात अडचण येते ती पुराव्याची. मोबाइलवरचे संदेश आजच्या कायद्यात पुरावा म्हणून चालतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे त्यांच्यासोबत ठराविक नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते. सबब फोन बदलताना व्यवहाराचे संदेश पुसून टाकू नका.

फोनवर सौदा झाला, तर दावा कोणत्या गावी चालतो?

याचे उत्तर सुप्रीम कोर्टाने दिलेले आहे आणि तो सौदाही सरकी पेंडीचाच होता. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या जिनिंग फॅक्टरी व तेलगिरणीशी ट्रंक कॉलवर पेंडीचा सौदा केला. माल मिळाला नाही म्हणून अहमदाबादवाल्यांनी तिकडेच ३१,१५० रुपयांचा दावा लावला. खामगावकरांचे म्हणणे, आम्ही होकार खामगावातून दिला, दावा इकडे चालवा. भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल पुरुषोत्तमदास या नावाने हे प्रकरण वकिलांना तोंडपाठ असते. ऑगस्ट १९६५ मध्ये तीनपैकी दोन न्यायमूर्तींच्या बहुमताने निकाल लागला : फोनवरचा करार होकार जेथे ऐकू आला तेथे पुरा होतो. म्हणून दावा अहमदाबादला चालेल. पत्राने होकार दिला तर नियम निराळा आहे. पत्र टपालात पडले की होकार पुरा झाला.

यात ध्यानात घ्यायची गोष्ट अशी, की सौद्याला सहा वर्षे झाली होती आणि ठरले होते ते फक्त गाव! लांबच्या कोर्टाचा खर्च मराठवाड्याला सांगायला नको. हायकोर्टाचे खंडपीठ औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाले. त्याआधी हायकोर्टाच्या कामासाठी मुंबई गाठावी लागे.

दुकानदार शहागंजातला असेल तर अदालत रोडवरच्या कोर्टात दावा लावता येतो, कारण प्रतिवादी जेथे धंदा करतो तेथे दावा चालतो. परगावच्या कंपनीचा माल घेताना मात्र बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात 'न्यायक्षेत्र' म्हणून कोणते गाव छापले आहे ते आधी वाचावे.

नुकसानभरपाई किती मिळते?

ठरलेला भाव आणि करार मोडला त्या दिवशीचा बाजारभाव, यांतला फरक. आपल्या सभासदाच्या बाबतीत पोत्यामागे १५० रुपये, शंभर पोत्यांचे १५,००० रुपये. शिवाय आगाऊ दिलेले २०,००० परत. मात्र आपले नुकसान आटोक्यात ठेवणे हेही आपले काम आहे. वेळीच दुसरीकडून माल न घेता भाव आणखी चढू दिला, तर तो वाढीव फरक कोर्ट देत नाही.

किती दिवस थांबले तर चालेल?

उधारीच्या मालाची किंमत, हातउसने पैसे, करारभंग या सर्वांना साधारण तीन वर्षांची मुदत आहे. "देतो की, कुठं पळून चाललोय" या तोंडी बोलण्याने ती वाढत नाही. नुसत्या नोटिशीनेही वाढत नाही. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी देणे कबूल केले, किंवा काही रक्कम देऊन तशी लेखी नोंद केली, तरच नवी तीन वर्षे मिळतात. मुदत गेल्यावर समोरचा गप्प बसला तरी कोर्ट दावा काढून टाकते.

चेक परत आला तर?

बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी. नोटीस पोचल्यापासून १५ दिवसांत पैसे न आल्यास पुढच्या एका महिन्यात फौजदारी कोर्टात फिर्याद करता येते. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पुष्कळांचे प्रकरण जाते ते या तारखा चुकल्याने.

आणि वाद कारखान्याशीच असेल तर?

हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. सभासद आणि संस्था यांच्यात संस्थेच्या कामकाजाशी निगडित वाद असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ९१ प्रमाणे तो सहकार न्यायालयात जातो. दिवाणी कोर्टात वर्षे घालवून परत फिरू नये.

आता त्या सभासदाचे काय झाले ते सांगतो. वकिलाची नोटीस गेल्यावर वीस हजार परत आले, कारण बँकेत नोंद होती. पंधरा हजारांच्या फरकावर मात्र त्यांना पाणी सोडावे लागले. १,७०० हा आकडा कुठेच लिहिलेला नव्हता.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. ते खरेच आहे. पण ती पायरी चुकवायची तर आधी दुकानाच्या पायरीवर दोन मिनिटे थांबावे लागते. माल कोणता, किती, भाव काय, कधी व कोठे द्यायचा, आगाऊ किती, एवढ्या पाच गोष्टी चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करावी. दुकानदार लांबचा असेल तर हाच मजकूर संदेशाने पाठवून "कबूल" असे उत्तर मागवावे. यात अविश्वास कसला? भांडण होऊ नये म्हणूनच तर लिहायचे. तरीही वाद झालाच, तर दावा लावण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून लोकअदालतीत तडजोड होते का ते पाहावे. तेथे कोर्ट फी नाही, आणि झालेल्या निवाड्याला हुकूमनाम्याची किंमत असते.

पुढच्या वेळी शहागंजला जाल तेव्हा खिशात पैशांबरोबर एक पेन असू द्या.