डोंबिवलीच्या मांजरीला हिवाळा कळत नाही

लंडनच्या गल्लीतली मांजर ऑक्टोबर ते डिसेंबर सहसा माजावर येत नाही. डोंबिवलीची मात्र वर्षभर येते. तिकडे थंडी असते म्हणून असं होतं, असं वाटेल. पण खरं कारण उजेड आहे. दिवस किती तासांचा आहे हे मांजरीचा मेंदू डोळ्यांवाटे मोजत असतो. रात्र लांबली की मेलॅटोनिन नावाचं संप्रेरक जास्त वेळ पाझरतं आणि बीजकोशाचं काम थंडावतं. लंडनचा डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस आठ तासांचाही नसतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही सगळी १९ अंश अक्षांशाच्या आसपास. इथला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा. त्यात सोसायटीच्या गेटवरचा हॅलोजन रात्रभर चालू. प्रयोगशाळेत मांजरींना रोज १४ तास उजेड दिला की त्या बारा महिने माजावर येऊ शकतात. आपल्या पार्किंगमध्ये तो प्रयोग फुकटात चालू आहे म्हणायचा.

रात्री दोन वाजता तान्हं मूल रडल्यासारखा आवाज येतो, घरातलं कुणीतरी ‘अपशकुनी मेलं’ म्हणत खिडकी लावून घेतं. ती भाटी बोक्यांना बोलावत असते. माणसात स्त्रीबीज ठरलेल्या वेळी सुटतं, जोडीदार असो वा नसो. मांजरीत ते बहुधा समागम झाल्यावरच सुटतं. म्हणजे बीज वाया जाण्याचा प्रश्नच जवळजवळ मिटला. बोका भेटला नाही तर दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा माजावर येते. भेटला तर साधारण नऊ आठवड्यांनी पिल्लं. एकाहून जास्त बोके भेटले तर एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात; एक काळं, एक पट्टेरी, एक पांढरं अशी वरात जिन्याखाली दिसते त्यामागे हेही एक कारण असतं. आणि ही पिल्लं अजून दूध पीत असतानाच आई पुन्हा गाभण राहू शकते.

त्या वरातीत एखादं तिरंगी पिल्लू असेल, काळं-नारिंगी-पांढरं, तर न उचलताच जवळजवळ खात्रीने सांगता येतं की ती मादी आहे. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीकडे दोन एक्स, म्हणून तिच्याकडे एका एक्सवर नारिंगी आणि दुसऱ्यावर बिननारिंगी असं असू शकतं. गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स कायमचा मिटून टाकते, कुठला ते नशिबावर. इंग्लंडच्या मेरी लायन यांनी १९६१ मध्ये उंदरांच्या अभ्यासातून हे मांडलं. ज्या पेशीने जे ठरवलं तेच तिच्या वंशातल्या पेशी पुढे चालवतात, आणि कातडीवर ठिगळं उमटतात. पांढरा रंग वेगळ्या जनुकाचा. तिरंगी बोकाही असतो, पण हजारोंत एखादा, आणि त्याच्याकडे बहुधा एक एक्स जास्तीचा असतो. नारिंगी रंग नेमका कुठल्या बदलामुळे येतो, हे जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलं: डीएनएचा सुमारे पाच हजार अक्षरांचा एक तुकडा गळालेला असतो. आपल्या मासळीबाजारात ओट्याखाली बसलेली तिरंगी मनी म्हणजे जनुकशास्त्राचा उघडा धडा.

ही मंडळी इथे आली कुठून? आजचं घराघरातलं मांजर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजराचा वंशज आहे. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या इजिप्तच्या बंदरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची प्राण्यांची दफनभूमी सापडली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५८५ प्राण्यांची नोंद आहे, त्यांतली नव्वद टक्क्यांहून जास्त मांजरं, काहींच्या गळ्यात पट्टे. याच बंदरातून जहाजं आपल्या किनाऱ्याकडे निघत, आणि ‘पेरिप्लस’ या त्या काळच्या ग्रीक नाविक-वहीत कल्याणचं नाव ‘कल्लिएना’ असं आलं आहे. एखादी मांजर उंदरांच्या मागे जहाजावर चढली आणि कल्याणच्या धक्क्यावर उतरली, अशी कल्पना करायला मला तरी आवडतं.

आता जरा कडू गणित. ‘एका जोडीपासून सात वर्षांत चार लाख मांजरं’ असा आकडा भित्तिपत्रकांवर फिरत असतो. तो खोटा आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात मोकाट मांजरांच्या १६९ पिल्लांवर नजर ठेवली गेली. २००४ मध्ये आलेला निकाल असा: १२७ पिल्लं सहा महिन्यांची होण्याआधीच मेली किंवा नाहीशी झाली. चारातली तीन. कुत्री, गाड्या, आजार. आपल्या स्टेशन रोडवर हे प्रमाण वेगळं असेल, पण जिन्याखालच्या पिल्लांचं पुढे काय झालं हे आठवून बघा. रस्त्यावरची मांजरं लाखांनी वाढत नाहीत ती याच कारणाने. नसबंदीचा मुद्दा मला म्हणूनच वेगळा वाटतो. ती संख्या रोखते हे खरंच, पण त्याहून आधी ती मरायलाच जन्मणारी पिल्लं रोखते.

नसबंदीसाठी मांजर पकडण्याची पद्धत बघण्यासारखी असते. तारेचा पिंजरा, तळाला वर्तमानपत्र, अगदी आतल्या टोकाला सुक्या बोंबलाचा तुकडा. मांजर दाराशी थांबते, मान आत, पाय बाहेर. मग पुढचा पंजा पाटीवर पडतो आणि दार खाली येतं. पुढची काही सेकंदं ती पिंजरा डोक्यावर घेते. लगेच जुनी चादर टाकायची. अंधार झाला की बहुतेक मांजरी गप्प बसतात. शस्त्रक्रियेत भूल असतानाच एका कानाचं टोक सरळ कापतात. ‘कुणी दुष्टाने कान कापला’ म्हणून लोक हळहळतात, पण ती नसबंदी झाल्याची खूण असते, तिला पुन्हा पकडू नये म्हणून. जखम भरली की मांजर आणली तिथेच सोडायची. पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून येणारे महाभाग आहेत. त्यांच्या हे लक्षात येत नाही की मागे आडोशाला तिची पिल्लं उपाशी राहिलेली असू शकतात. कायद्याचं म्हणाल तर २००१ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम फक्त कुत्र्यांपुरते होते. २०२३ च्या नियमांच्या नावातून ‘कुत्रे’ गेले आणि भटक्या प्राण्यांना ‘सामुदायिक प्राणी’ म्हटलं गेलं.

मदत करणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक दयेतून होते. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. सात मोजू नका, पण ती जागा खरोखर बदलत राहते, आणि एका वेळी एकच पिल्लू तोंडात धरून नेते. मानेला धरल्याबरोबर पिल्लू आपोआप ढिलं पडतं, पाय पोटाशी घेतं. या फेऱ्यांच्या मधल्या वेळात उरलेली पिल्लं ‘अनाथ’ दिसतात आणि कुणीतरी खोक्यात घालून घरी नेतं. धोका नसेल तर दोन-चार तास लांबून बघा. आई आलीच नाही, तर आधी ऊब द्या, मग अन्न. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. पिल्लू उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. गाईच्या दुधाने जुलाब होतात, पिल्लांसाठीची दूधपावडर पशुवैद्याकडून घ्या. पहिले तीन आठवडे त्याला आपणहून लघवीही करता येत नाही, आई चाटून करवते. तिच्याऐवजी ओला कोमट कापूस.

मोठ्या मांजरीला रोज दूध-पोळी घालणाऱ्या काकूंचं मन मोठं, पण टॉरिन नावाचा घटक मांजर पुरेसा बनवू शकत नाही; तो मांसमच्छीतूनच मिळतो. तो नसेल तर दृष्टी जाते, हृदय कमजोर होतं. आणि ताप आला म्हणून पॅरासिटामॉल? अर्धी गोळीही जीव घेऊ शकते, कारण ते पचवणारी यकृतातली व्यवस्था मांजरात तुटपुंजी असते.

जखमी मांजर दिसली तर डोंबिवलीत निलेश भणगे यांनी उभी केलेली ‘पॉज’, ठाण्यात ठाणे एसपीसीए अशा संस्था आहेत. उचलताना ती चावली तर जखम साबणाने १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठा. रेबीज फक्त कुत्र्याचा नसतो. आणि जिन्याखालची पिल्लं चार महिन्यांची झाली की नसबंदीसाठी पशुवैद्याला फोन करा. भाटी त्या वयात अजून पिल्लूच दिसते, पण पाचव्या महिन्यात ती आई होण्याच्या वाटेवर असू शकते.