पाठ केलेला शब्द ऐन वेळी का सुचत नाही?

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे त्याचा मराठी अर्थ, अशा लांबलचक याद्या असतात. विद्यार्थी त्या चिकाटीने पाठ करतात, पण चार ओळींचा अर्ज लिहायला बसले की त्यातला एकही शब्द कामी येत नाही. मेहनत खरी असते, ती भलत्या जागी खर्च होते. अर्थ कळला म्हणजे शब्दाशी नुसती तोंडओळख झाली. तो कोणाच्या सोबतीने येतो आणि कुठे शोभतो हे कळले, की तो आपला होतो. इंग्रजीत जोराच्या पावसाला ‘हेवी’ म्हणतात, जोराच्या वाऱ्याला मात्र ‘स्ट्राँग’, आणि आपला कडक चहाही तिथे ‘स्ट्राँग’च. ‘हेवी म्हणजे जड’ एवढेच घोकलेल्याला यातले काही सुचणार नाही.

कोणते शब्द आणि त्यांचे कोणते अर्थ आधी शिकावेत, यावर मूलभूत काम आपल्याच उपखंडात झाले. मायकेल वेस्ट हे ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ ढाक्यात बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनाचा अभ्यास करत होते. नेहमी लागणारे मोजके शब्द आधी पक्के करावेत, हा त्यांचा आग्रह. १९३५च्या त्यांच्या शब्दकोशात सगळे अर्थ अवघ्या १४९० शब्दांत समजावले होते. १९५३ साली त्यांनी सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली आणि एकाच शब्दाचा कोणता अर्थ किती प्रमाणात वापरात येतो, हेही तीत नोंदवले. दुर्मीळ शब्दांमागे लागण्याआधी या रोजच्या शब्दांचे दोन-तीन मुख्य अर्थ हातात असायला हवेत.

कोणी म्हणेल, परीक्षेत अवघड शब्दच विचारतात आणि याद्यांमुळे ते झटपट पाठ होतात. ते खरेच आहे. पहिल्या ओळखीसाठी यादी उपयोगी पडते. पण एकदा पाठ केलेले किती लवकर पुसले जाते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच प्रयोगांतून दाखवले होते. म्हणून शब्दासोबत शब्दकोशातले एक वाक्य वहीत उतरवावे, अर्थ झाकून आठवून पाहावा; दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा तेच करावे. याने वेग मंदावतो, हा आक्षेपही मान्य. मात्र रोज पन्नास शब्द पाठ करून विसरण्यापेक्षा पाचच शब्द वाक्यात वापरता आले, तर मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला मुलाखतीत आपले म्हणणे आपल्या शब्दांत मांडता येईल. शब्दसंग्रह वाढवायचा तो त्यासाठीच.