वाचायची की बघायची? एडिनबर्गमधली अक्षरांची कविता

एडिनबर्गला जाणार असाल तर कॅननगेटच्या एका बोळात शिरा. तिथे आहे स्कॉटिश पोएट्री लायब्ररी. कवयित्री टेसा रॅन्सफोर्ड यांच्या पुढाकारातून १९८४ मध्ये सुरू झालेलं, फक्त कवितेला वाहिलेलं ग्रंथालय!

इथला एडविन मॉर्गन संग्रह म्हणजे काँक्रीट पोएट्रीच्या चाहत्यांसाठी खजिनाच. काँक्रीट पोएट्री म्हणजे अक्षरांचा आकार आणि पानावरची त्यांची जागा यांतूनच अर्थ उभा करणारी कविता. १९५० च्या दशकात ब्राझील आणि स्वित्झर्लंडमध्ये ती रुजली, साठच्या दशकात स्कॉटलंडला पोचली.

मॉर्गन (१९२०–२०१०) ग्लासगोचे. त्यांची हंगेरियन सापाच्या वामकुक्षीवरची कविता बघा. अख्खी कविता एका ओळीची, अक्षरं दोनच : एस आणि झेड. सुरुवातीला लहान लिपीत, मध्ये मोठी, शेवटी परत लहान. फुगीर पोटाचा सापही दिसतो आणि घोरणंही ऐकू येतं! हेच मॉर्गन २००४ मध्ये स्कॉटलंडचे पहिले राष्ट्रकवी झाले.

दुसरं नाव इयान हॅमिल्टन फिनले (१९२५–२००६). १९६२ मध्ये त्यांनी ‘पुअर. ओल्ड. टायर्ड. हॉर्स.’ हे छोटेखानी नियतकालिक काढलं. पुढे त्यांनी कविता कागदावरून उचलून थेट दगडात कोरून घेतली. पेंटलंड टेकड्यांमधली त्यांची ‘लिटल स्पार्टा’ ही बाग आजही बघता येते.

आपल्याकडे र. कृ. जोशींचे अक्षरप्रयोग आवडणाऱ्यांनी तर हे दोघे चुकवूच नयेत. सुरुवात मॉर्गनपासून करा.

#काँक्रीटपोएट्री #एडविनमॉर्गन